ओळीतली जागा

आरोग्य उपकेंद्र, धारेची वाडी (नवी वसाहत),
ता. पोलादपूर
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनुपमाताई,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? पत्रात हा प्रश्न सगळेच विचारतात, पण मी खरोखर विचारते आहे. त्याचं उत्तर मनाशी द्या आणि मग पुढे वाचा.

मी राजनंदिनी, कापड्याची. मागच्या वर्षी तुमच्याकडून या उपकेंद्राचा चार्ज घेतला ती. तुमचा जुना नंबर लागत नाही आणि नवा इथे कोणाकडे नाही. पनवेलचा पत्ता श्रीपतकाकांनी दिला. शाळेच्या पेपराबाहेर मी हे पहिलंच पत्र लिहिते आहे, तेव्हा चुकलं तर हसा.

इकडचं बरं चाललं आहे. तुम्ही लावून दिलेला बुधवार मी मोडलेला नाही. तिशीच्या पुढचे सगळे येतात, प्रेशर आणि साखर तपासून घेतात. सुनीलनं तंबाखू अर्ध्यावर आणली आहे असं तो म्हणतो. त्याचे दात वेगळं सांगतात. जानकीकाकींची मिशरी मात्र सुटत नाही. परवा मी मिठावर बोलत होते. सुकट धुऊन घ्या, पापड रोज नको, वगैरे. तर काकी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिच्या सासरी कालवण अळणीच व्हनार गो." पंधरा मिनिटं माझं कोणी ऐकलं नाही, पण गोळ्या न्यायला सगळे थांबले. आमचे वडील गावभर सांगतात की आमची नंदा सरकारी डॉक्टर झाली. घरात पहिलीच पदवी माझी, त्यामुळे त्यांना नर्स आणि डॉक्टर यांतला फरक समजावणं मी सोडून दिलं आहे.

चार्ज देताना तुम्ही कपाटाच्या किल्ल्या दिल्यात, फ्रिज कसा थापटून चालू करायचा ते दाखवलंत आणि म्हणालात, "बुधवारी त्यांना पुढे सरका म्हणू नकोस." मला वाटलं, गुडघेदुखीची माणसं आहेत, म्हणून असेल. पहिल्याच बुधवारी मी म्हटलं, "काकी, पुढे सरका ना, मध्ये जागा आहे." सगळी ओळ माझ्याकडे बघत राहिली. रागावलं कोणीच नाही. सुनील तेवढा हळूच म्हणाला, "म्याडम, ते पांडूतात्याचं घर हाय."

पुढे एकेक समजत गेलं. दरड येण्याआधी, वरच्या वाडीत शिमग्याची पालखी ज्या क्रमानं घरं घेत यायची, त्याच क्रमानं ही माणसं सतरंजीवर बसतात. दरडीखाली गेलेल्यांची जागा तेवढी रिकामी ठेवतात. मुंबईला गेलेल्यांची ठेवत नाहीत; तिथे शेजारी सरकून बसतात. माणूस कुठेही जिवंत असला की ओळ मिटते. मला हे आवडायला लागलं होतं. मी माणसांच्या दंडांना प्रेशरचा पट्टा बांधत जाताना मधल्या रिकाम्या जागेपाशी क्षणभर थांबायचे आणि मग पुढे जायचे.

दिवाळीनंतर ओळीत एक नवी जागा सुटायला लागली आहे. कोणाची, ते कोणी सांगत नाही. वसाहतीत सगळे धडधाकट आहेत.

सुनील दिवाळीत पनवेलला तुम्हाला भेटला होता ना? तो म्हणाला, शिस्टर डबल ड्युटी करतात, डोकं धरून बसल्या होत्या, चहाशिवाय पोटात काही नव्हतं. ताई, तुमचं प्रेशर मोजून मला कळवाल? सहज विचारते. आणि अजून एक. इथे असताना तुम्ही आधी स्वतःचा दंड बांधून दाखवायचात, मग बाकीच्यांचा, असं काकी सांगतात. त्या वेळी तुम्ही ओळीत कुठे बसायचात?

उत्तराची वाट पाहते.

तुमची,
राजनंदिनी


आरोग्य उपकेंद्र, धारेची वाडी (नवी वसाहत)
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनुपमाताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. "मी ठीक आहे. सतरंजी काढून खुर्च्या मांड. मला या गोष्टी लिहू नकोस." अक्षर सुंदर आहे तुमचं. प्रेशरचा आकडा मात्र त्यात नाही.

तुम्ही नको म्हटलंत तरी लिहिते आहे. रागवा, पण वाचा.

खुर्च्या मांडल्या. ग्रामपंचायतीकडून मोजून आणल्या, जेवढी माणसं तेवढ्याच. जुन्या जागांसाठी एकही जादा ठेवली नाही. मला वाटलं, लोखंडी खुर्चीला पालखीचा क्रम कळत नाही. पांडूतात्या आणि बाकीच्यांच्या जागी त्यांनी खुर्च्यांमध्ये अंतर सोडलं. ते मी धरलंच होतं. सगळे बसले आणि सुनील उभाच राहिला.

"बस की."

"जागा कुठाय, म्याडम?"

त्याच्या समोर खुर्ची रिकामी होती. मी बोट दाखवलं. त्यानं तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी उबाच बरा." एरवी दर वाक्याला विनोद करणारा माणूस.

नंतर मी जानकीकाकींना बाजूला घेतलं.

"काकी, ही कोणाची जागा सोडताय तुम्ही?"

"तू दंड बांध आनि आकडा सांग गो."

"सांगते. आधी तुम्ही सांगा."

"आमी सोडत नाय, पोरी. ती सुटते."

ताई, मंगेशचं तुम्हाला कळलं असेल. काकींचा मुलगा, भांडुपला सिक्युरिटीत होता, चाळिशी नुकती उलटलेली. वाडीत त्याचं घर वेगळं, काकींना लागूनच होतं. उन्हाळ्यात काकींच्या डाव्या हाताला अशीच जागा सुटली होती. मी नवी होते, मला वाटलं दरडीतल्या कोणाची असेल, मी विचारलंही नाही. काकींनी मात्र ओळखली. आणि त्यांनी मुलाला फोन केला नाही. "काय सांगू त्याला? तुजी जागा सुटली, ये म्हनून? हसला असता. आनि नसता हसला तर मंग मी काय केलं असतं?" मग तिकडून फोन आला. ड्युटीवर खुर्चीतच पडला. मेंदूत रक्तस्राव. त्यानं आयुष्यात एकदाही प्रेशर मोजलेलं नव्हतं. डोकं दुखलं की बाम लावायचा.

हे सांगताना काकी रडल्या नाहीत. माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "या बारीला कोनीतरी सांगाया व्हवं."

आता नवी जागा कुठे आहे ते लिहिते. मागच्या पत्रात मी ते टाळलं. ती श्रीपतकाका आणि जानकीकाकी यांच्यामध्ये आहे. मी काकांना विचारलं की वाडीत तुमच्या आणि काकींच्या घरामध्ये कोण राहायचं. त्यांनी हातातली विडी फिरवली. मग म्हणाले, "मधी घर नव्हतं. माज्या पडवीला लागून खोली होती. पालखी त्या खोलीलाबी थांबायची, आमी ते घरच मानलेलं. शिस्टर ऱ्हायच्या तिथं."

मी बी.एस्सी. नर्सिंग शिकले आहे. दुःखी माणसं एकमेकांना न सांगता एकसारखी वागतात हे मला कळतं. तुमची आठवण येते म्हणून ते तुमची जागा ठेवतात, असं मी स्वतःला सांगितलं. तसं असतं तर मी आज लिहीत नसते.

सुनीलची दुसरी बायको सरिता यंदाच पाचाडहून लग्न होऊन आली. तिला क्रम कुठला माहीत असणार? काल ती उशिरा आली आणि त्या खुर्चीत बसली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिचं प्रेशर नेहमी एकशे वीसच्या आत असतं. काल वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढे आला. मी तिला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, शांत होऊ दिलं, पुन्हा मोजलं. नेहमीसारखं. परत त्या खुर्चीत. पुन्हा एकशे नव्वद. ती हसत होती, "म्याडम, मशीन बिघडली जनू." मीही हसले. मशीन आज महाडला नेऊन तपासून आणलं आहे, त्यात काही दोष नाही.

सगळे गेल्यावर मी डायलचं जुनं यंत्र काढलं आणि स्वतः तिथे बसले. उन्हं दारातून आत आली होती, बाहेर कोणीतरी भांडी घासत होतं, घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. डाव्या दंडाला पट्टा बांधला, कोपरात स्टेथो धरला, हवा भरली आणि सोडत गेले. आकडा लिहीत नाही. तो सरिताच्या आकड्यापेक्षा जास्त होता.

आकड्यानं मी घाबरले नाही, ताई. भीतीनं माझं प्रेशर चढूच शकतं. पण ठोके ऐकताना मी सवयीनं दुसऱ्या हाताची बोटं मानेवर ठेवली. मानेवरची नाडी माझी होती, भरभर चाललेली. कानात जे ऐकू येत होतं ते तिच्याशी जुळत नव्हतं. ते जड होतं, संथ होतं, मध्येच अडखळत होतं. एका शरीरात असं होत नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपण सगळ्यांना एकच वाक्य पाठ करून सांगतो: प्रेशर दुखत नाही, म्हणून ते मोजावं लागतं. नर्सना ते लागू नाही असं कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे?

तुम्ही इथून का गेलात ते मला काकींनी सांगितलं. दरड आली त्या दिवशी तुम्ही मीटिंगला महाडला होतात. परत आलात तर चिखलातून काढलेल्यांचे चेहरे ओळखण्यासारखे नव्हते, आणि तुम्ही एकेकाचा दंड हातात घेऊन नाव सांगत गेलात. ज्या दंडांना दर बुधवारी पट्टा बांधला होता ते तुम्हाला पाठ होते. त्यानंतरही, झेपलं तोवर, तुम्ही इथे बुधवार चालवलात. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, याहून मोठं काम या तालुक्यात कोणी केलेलं नाही. पण मला वाटतं, तेव्हापासून तुम्ही स्वतःचा दंड कोणाच्या हातात दिलेला नाही.

खोटं ठरवा मला. उद्या ड्युटीवर गेल्यावर एका सहकारी सिस्टरला सांगून मोजून घ्या. नॉर्मल आलं तर मला चार शिव्या लिहून पाठवा. मी त्या भिंतीवर लावीन.

तुमचीच,
राजनंदिनी

ता.क. माझा मोबाइल नंबर वर कोपऱ्यात लिहिला आहे. वसाहतीत रेंज नसते, पण रस्त्यावर आलं की मेसेज येतात. मी रोज संध्याकाळी रस्त्यावर येते.


पोलादपूर एस.टी. स्टँड
१० डिसेंबर २०२५, दुपार

ताई,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. हातात देणार आहे. पनवेलकडे जाणारी गाडी महाबळेश्वरहून यायची आहे, उशीर आहे म्हणतात. तुमच्यासमोर मला हे बोलता येणार नाही, म्हणून बाकावर बसून लिहिते आहे.

तुमचा मेसेज आला नाही. मी रोज रस्त्यावर आले.

मागच्या बुधवारी मी पुन्हा तिथे बसले, आणि परवाही. कोणाला सांगितलं नव्हतं, पण या वसाहतीत भिंती पत्र्याच्या आहेत. परवा मान वर केली तर दारात श्रीपतकाका उभे. म्हणाले, "तुजं नको मोजू तिथं. ते तुजं न्हय." मी म्हटलं, मला माहीत आहे कोणाचं आहे. ते आत आले, सतरंजीच्या कडेला बसले आणि विचारलं, "वाढलंय?" मी हो म्हटलं. त्यांनी विडी पेटवली नाही, एवढंच मला आठवतं.

आज सकाळी बुधवार होता. तुम्ही लिहिलेल्या खुर्च्या मी परत केल्या आहेत, सतरंजीच घातली. सगळे आले, बसले. जागा सुटली. या वेळी ती दोन माणसं बसतील एवढी रुंद होती. काका आणि काकी दोघंही बाजूला सरकले होते आणि दोघांनाही ते कळलेलं नव्हतं.

मी कोणाचाच दंड बांधला नाही. सगळ्यांसमोर त्या जागेत बसले आणि स्टेथो लावला.

आकडा सांगण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. गेल्या वेळचे जड ठोके नव्हते. आधी मला काहीच ऐकू आलं नाही. माझी मानेवरची नाडी धडधडत होती, आणि कोपरात शांतता. विहिरीत वाकून ऐकावं तसं. सगळी ओळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पट्टा सैल केला, पुन्हा भरला, पुन्हा सोडला. तेव्हा फार लांबून एक ठोका आला. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक.

आहे, मी म्हटलं. एवढंच म्हटलं. सरितानं तोंडावर पदर घेतला.

मी धावत रस्त्यावर गेले आणि तुमच्या हॉस्पिटलला फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, "अनुपमा सिस्टर कालपासून आल्या नाहीत, फोनही बंद आहे. तुम्ही कोण?" मी म्हटलं, धाकटी बहीण. खोटं बोलले. म्हटलं, कोणाला तरी आत्ता घरी पाठवा, दार उघडलं नाही तर तोडा, तिचं प्रेशर खूप आहे. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, मी मोजलंय. त्यांनी माणूस पाठवते म्हटलं. पाठवला की नाही मला माहीत नाही. पत्ता सांगून रुग्णवाहिकेच्या एकशे आठ नंबरलाही फोन केला.

परत आले तर मला वाटलं, ओळ मोडून सगळे घरी गेले असतील. कोणी हललं नव्हतं. आणि ताई, ती जागा रिकामी नव्हती.

जानकीकाकी तिथे बसल्या होत्या. मधोमध, मांडी घालून. माझा स्टेथो कानात घातला होता, उलटा. पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळलेला, पदरावरूनच. सुनील फुगा दाबत होता. काकींनी मला हातानं गप्प केलं.

श्रीपतकाका म्हणाले, "आजवर वाडीतलं कुनी जानून कुनाच्या जागंवर बसलं नाय."

"मंग मी बसले," काकी म्हणाल्या. "माज्या लेकाच्या जागंवर बसायची हिम्मत झाली नाय मला. हितं बसनार. आनि तू गो, बघत काय ऱ्हायलीस? एवडं शिकलीस नि गाडी कधी सुटते ते ठाव नाय तुला?"

मी स्टेथो सरळ करून दिला, पदर काढून पट्टा नीट बांधला. कुठे धरायचं, किती दाबायचं ते दाखवलं. काकींनी डोळे मिटले. खूप वेळ काही नाही. मग त्यांची मान किंचित हलली. मग पुन्हा. त्यांना ऐकू येत होतं.

मी निघाले तेव्हा ते सगळे ठरवत होते की काकींचा हात दुखला की श्रीपतकाका बसतील, मग सरिता, मग सुनील. पाळी लावत होते, पालखीच्याच क्रमानं. सुनील मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. रेंजमध्ये तोच थांबणार आहे. आतलं बाहेर ओरडून सांगायला घराघरातून माणसं उभी आहेत, म्हणजे सतरंजीपासून रस्त्यापर्यंत. आत्ता त्याचा मेसेज आला. लिहिलं आहे: "काकी म्हणते हाय."

मला यातलं काही समजावून सांगता येणार नाही. मला एवढंच कळतं की तुम्ही बंद दाराआड एकट्या आहात असं तुम्हाला वाटत असेल, आणि ते खरं नाही. आत्ता, या क्षणी, तुमच्या जागेवर माणूस बसलेलं आहे. तुम्ही ज्यांचे दंड बांधलेत ती माणसं पाळीपाळीनं तुमचा ठोका धरून बसली आहेत. तुम्ही तेवढा तो सोडू नका.

गाडी आली. पिशवीत यंत्र घेतलं आहे. दार तोडून कोणी आत आलं असेल तर त्यांना दंड द्या, नको म्हणू नका, मी ठीक आहे म्हणू नका. कोणी आलं नसेल तर मी येतेच आहे. मी दोनदा टकटक करीन. उठता आलं तर उठा. नाहीच उठता आलं तर आतून एकदा कशावर तरी हात आपटा. मला तेवढं पुरे आहे, मला आता फार लांबचंही ऐकू येतं.

आकडा काहीही आला तरी आधी तुम्हाला सांगेन.

तुमची धाकटी बहीण,
राजनंदिनी